जीव लावला म्हणजे झालं का?



या विषयावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण मागच्या आठवड्यात घरातल्याच एका बारशाला गेले होते, तिथे धाकट्या जावेने भर पंगतीत विचारलं, "ताई, एवढा जीव लावलात त्या पोपटाला आणि दिलात उचलून सरकारी माणसांच्या हातात! तुमच्या जिवाला काहीच कसं वाटलं नाही हो?" आजूबाजूच्या चौघींनी माना डोलावल्या. पंगतीत वाद नको म्हणून मी पुढ्यातला मसालेभात खात राहिले. घरी आल्यावर मात्र झोप येईना.

तर उत्तर इथे देते. जरा रागाने लिहिलं जाईल, समजून घ्या. त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे. तो कशासाठी, ते पुढे येईलच.

झालं असं. आमच्या गल्लीतल्या एका कुटुंबाने बारामती सोडली आणि पुण्यात फ्लॅट घेतला. फ्लॅटमध्ये पिंजरा नको, म्हणून जायच्या आदल्या संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर आणून ठेवला. "बाई, तुम्हाला पक्ष्यांची आवड आहे, तुम्हीच सांभाळा. आमचा राघू फार गुणी आहे." मी कायदा सांगायला लागले तोवर मंडळी सामान बांधायला निघूनही गेली.

पिंजऱ्यावरचं फडकं काढलं आणि तो गुणी राघू पाहिला. दोन्ही पाय बेडकासारखे बाजूला फाकलेले. दांडीवर बसता येत नाही, म्हणून तळाच्या तारांवर पोट टेकून पडलेला. पोटाखालची पिसं झिजून कातडी लाल झालेली. एका पंखाची पिसं कात्रीने कापलेली. चोच वाढून खाली वळलेली. वय वर्षं चार. गुणी म्हणजे काय, तर उडत नाही, ओरडत नाही, दार उघडं ठेवलं तरी कुठे जात नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन केला. आपला नेहमीचा हिरवा पोपट हा वन्यजीव आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तो सरकारची मालमत्ता ठरतो, आणि आपल्या हाती आला तर ४८ तासांच्या आत कळवावं लागतं. वनरक्षक आले, त्यांनी नोंद केली. पुण्याला उपचारासाठी न्यायची गाडी आठवड्याने येणार होती. तोवर जपा म्हणाले, आणि पक्ष्यांच्या एका डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पिल्लू असताना याला काय खायला घालत होते?"

मी त्या कुटुंबाला फोन करून विचारलं. उत्तर आलं, दुधात कालवलेली पोळी, शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, मिरची. पिंजरा कुठे? आत, माजघरात. ऊन? "छे हो, उन्हात कशाला ठेवू, जीव लावला होता त्याला."

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पिल्लू झपाट्याने वाढतं, त्या दिवसांत हाडांना कॅल्शियम लागतं आणि ते अंगी लागायला ऊन लागतं. पक्ष्याला दूध पचत नाही. पोळी, डाळ, दाणे यांत कॅल्शियम नसल्यातच जमा. मिरची त्याला तिखट लागत नाही हे खरं, पण म्हणून ती काही पोटभरीचं अन्न होत नाही. ढोलीत आईबाप पिल्लाच्या चोचीत निरनिराळं अन्न भरवतात, ते आपल्याला पोळी-दुधाने साधत नाही. हाडं मऊ राहतात आणि अंगाच्या भाराने वाकतात. म्हणजे हा लहान मुलांचा मुडदूसच. एकदा वाढ पुरी झाली की ती हाडं परत सरळ होत नाहीत.

आणि शेवटी त्यांनी विचारलं, "गळ्याला कंठ आहे का?" नव्हता. नराला साधारण तीन वर्षांचा झाला की गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ येतो. चार वर्षांची झाली आणि कंठ नाही, म्हणजे ती मादी होती. चार वर्षं जीव लावणाऱ्यांना तो राघू नाही हेही कळलं नव्हतं.

फोन ठेवला आणि मी ओट्यावर तशीच बसून राहिले. मला इंदापूरचा राघू आठवला.

मंडळी, माझ्यावरचा राग तो हा. १९८३ साली मी इंदापूरला शाळेवर होते. आवारातल्या जुन्या चिंचेच्या ढोलीतून पडलेलं पिल्लू एका मुलाने माझ्या हातात आणून दिलं. मी ते नऊ वर्षं सांभाळलं. त्याला 'विठू विठू' शिकवलं. तपासणीला साहेब आले की तो बोलायचा, साहेब खूश व्हायचे, मी फुशारायचे. दुसऱ्या वर्षापासून त्याचे पाय वाकडे दिसायला लागले. मी वर्गात मुलांना सांगायचे, "बघा, हा बिचारा जन्माचाच अधू आहे. अशा जिवांवर दया करावी."

तो जन्माचा अधू नव्हता. त्याला मी अधू केलं. रोज, स्वतःच्या हाताने, दूध-पोळी कालवून. आणि वर त्याच्याच तोंडावर पोरांना दयेचे धडे दिले. चाळीस वर्षांनी एका फोनवर मला हे कळलं.

आता जावेच्या प्रश्नाकडे येते. जीव लावणं ही आपण फार मोठी गोष्ट समजतो. जीव लावला की सगळे अपराध माफ. पण ज्याला जीव लावला त्याचं काय झालं, हे बघायला आपण तयार नसतो. मांज्याने पंख कापलेले पोपट असतात. (आपल्याकडे पतंग संक्रांतीला नाही, नागपंचमीला उडतात. नायलॉन मांज्यावर २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली, तरी श्रावणात झाडाझाडांवर तो लोंबकळताना दिसतो.) डाळिंबाच्या बागेवर टाकलेल्या जाळीत अडकून पाय मोडलेले असतात. शेतकऱ्याने पीक राखू नये असं मी म्हणणार नाही, पण सकाळी एकदा जाळीवरून नजर फिरवायला पैसे पडत नाहीत. हे झाले अपघात. घरात घडवलेले अधू पोपट हा अपघात नाही. वाकडे पाय, कापलेले पंख, एकटेपणाने स्वतःचीच पिसं उपटून उघडी केलेली छाती, हे सगळं प्रेमळ घरांत होतं.

हाच पक्षी लंडनच्या बागांमध्ये हजारोंनी राहतो. पिंजऱ्यांतून सुटलेल्यांची ती पिल्लावळ, तिकडच्या थंडीतही थव्याने आरडाओरडा करत फिरते. लंडनच्या थंडीत जो तगला, तो आपल्या माजघरात पांगळा होतो. याला काय म्हणायचं?

आता लोक जी उत्तरं देतात ती एकेक घेऊ.

पहिलं उत्तर, "दार उघडं ठेवलं तरी जात नाही, त्याला आम्हीच आवडतो." ज्यांच्या घरी ज्ञानेश्वरी आहे त्यांनी सहावा अध्याय काढावा. त्यात शुकनलिकेचा दृष्टांत आहे. पारधी दोरीवर पोकळ नळी टांगतो. पोपट तिच्यावर बसला की त्याच्या भाराने नळी फिरते, तो उलटा लटकतो आणि भीतीने नळी घट्ट धरून ठेवतो. कुणी बांधलेलं नसतं, तरी सुटत नाही. सातशे वर्षांपूर्वी माउलींनी ते धरून राहणं म्हणजे भ्रम हे सांगितलं, आणि आपण त्यालाच माया म्हणतो! पंख कापलेला, पाय वाकडे झालेला, जन्मात दुसरा पोपट न पाहिलेला पक्षी दारातून जाईल कुठे?

दुसरं, "मग सोडून देऊ का उद्या?" अजिबात नको. हाती वाढलेल्या पोपटाला खाणं शोधता येत नाही, शिक्रा ओळखता येत नाही, थव्यात कसं मिसळायचं ते ठाऊक नसतं. पिंजरा गच्चीवर नेऊन दार उघडायचं आणि पुण्य केलं म्हणायचं, हा दुसरा गुन्हा. असा पक्षी माणसांच्या देखरेखीखाली, पण आपल्या जातीच्या पक्ष्यांबरोबर, मोठ्या जाळीघरात राहायला हवा. ते ओट्यावर होत नाही.

तिसरं, "आमच्या आजोबांपासून वाड्यात पिंजरा आहे." आजोबांच्या काळात आणखी पुष्कळ काही होतं, ते सोडलंच ना आपण? देशी पक्ष्यांची खरेदी-विक्री १९९०-९१ पासून बंद आहे. कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तीत आपला पोपट दुसऱ्या अनुसूचीत आला, आणि दंडाची सर्वसाधारण मर्यादा २५ हजारांवरून १ लाखावर गेली. कैद तीन वर्षांपर्यंत. तरीही उन्हाळ्याच्या तोंडाला ढोल्यांत हात घालणारे हात घालतात, कारण गिऱ्हाईक आपल्यातच आहे.

चौथं उत्तर हल्ली नव्याने ऐकू येतं, "मग परदेशी पोपट आणू, तो चालतो." आफ्रिकेतल्या राखी पोपटाची जंगलांत इतकी लूट झाली की २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळपास पूर्ण बंदी आली. २०२४ पासून अशा यादीतल्या परदेशी प्राण्यांची आपल्या सरकारकडे नोंदणी करावी लागते. पण कागद पुरे झाले म्हणून त्याचा एकटेपणा संपतो का? तो तर पन्नास-पन्नास वर्षं जगू शकतो. साठीतल्या माणसाने तो आणला तर नंतर तो कुणाच्या ओट्यावर जाणार, ते मी आत्ताच सांगू शकते.

असो. ती माझ्याकडे नऊ दिवस होती. ते नऊ दिवस सांगते, कारण अधू पक्ष्याशी नातं कसं जुळतं याबद्दलही आपल्या डोक्यात भलतंच काही असतं.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून पिंजऱ्यातली दांडी काढली. तळाशी जुन्या सुती लुगड्याची मऊ घडी घातली, ती रोज दोनदा बदलायची. पेरूची जाड फांदी सुती चिंधी गुंडाळून तळालाच आडवी ठेवली, म्हणजे छाती टेकून रेलता येईल. पाण्याची आणि दाण्याची वाटी अगदी बुटकी. पिंजरा भिंतीला टेकवून ठेवला, कारण चारी बाजू उघड्या असल्या की पक्ष्याला धीर वाटत नाही. सकाळचं कोवळं ऊन, तेही उघड्यावर. काचेतून आलेल्या उन्हाचा हाडांना उपयोग नाही. अर्धा पिंजरा सावलीत. खायला मोड आलेले मूग, शेवग्याचा पाला, पेरू, मक्याचं आणि बाजरीचं कोवळं कणीस. मीठ, चहा-बिस्किट, चॉकलेट बंद. अव्होकॅडो तर विषच. स्वयंपाकघरात नॉनस्टिकचा तवा तापवायचा नाही. तो फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मरतात, हे मला या वयात कळलं.

आणि मी काय करायचं? काही नाही. हे सगळ्यात अवघड. पिंजऱ्याशेजारी पेपर वाचत बसायचं, तिच्याकडे रोखून बघायचं नाही, हात वरून न्यायचा नाही. वरून येतो तो शिक्रा! पहिले तीन दिवस मी जवळ गेले की ती कोपऱ्यात सरपटायची. चौथ्या दिवशी चावली, रक्त आलं. नातू म्हणाला, "आजी, ती दुष्ट आहे." मी म्हटलं, नाही रे, ती 'नको' म्हणाली. तिला दुसरे शब्द येत नाहीत. तिचं 'नको' आजवर कुणी ऐकलंच नसेल.

शिक्षिका म्हणून हे मला फार आधी कळायला हवं होतं. एका जागी गप्प बसतं ते मूल गुणी, चुळबुळतं ते वाईट, अशीच आमची पिढी वर्ग चालवायची. 'विशेष गरजा असलेलं मूल' हे शब्द शिकेपर्यंत निवृत्ती जवळ आली होती. त्याच्या गरजा काय आहेत ते त्याच्याकडूनच समजून घ्यायचं असतं, हे त्याहून उशिरा कळलं.

सहाव्या दिवशी तिने बोटांतली पेरूची फोड घेतली. सातव्या दिवशी दिवेलागणीला तिने पिसं फुलवली आणि चोचीचा कुरकुर आवाज करत डोळे मिटले. पोपट निवांत असला की झोपण्यापूर्वी असं करतो. आठव्या दिवशी तिने माझं बोट चोचीने चाचपलं. चावली नाही. पोपट नव्या फांदीवर पाय ठेवण्याआधी ती तशीच चाचपून बघतो, पक्की आहे का म्हणून.

आणि नवव्या दिवशी गाडी येणार होती. तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू, आदल्या रात्री माझ्या मनात आलं होतं की फोन करून सांगावं, पक्षी गेला. नोंद बंद झाली असती, ती माझ्याकडे राहिली असती. रात्री दोन वाजेपर्यंत मी तो फोन मनातल्या मनात करत होते. धाकट्या बाई, माझ्या जिवाला काय वाटलं ते हे.

पण मग विचार केला, मी हे कुणासाठी करणार होते? माझं वय पंचाहत्तरीकडे आलेलं. ती आणखी वीस वर्षं जगू शकते. तिला दुसरे पोपट हवेत, चोच घासणारा डॉक्टर हवा. मला फक्त ती हवी होती. सकाळी गाडी आली, मी पिंजऱ्यावर फडकं टाकून दिलं. पाय सरळ होणार नाहीत, तिला सोडता येणार नाही, पण तिच्यासारख्याच न उडणाऱ्या दोघांबरोबर बुटक्या फांदीवर तिला ठेवलंय, एवढं पुढे कळलं. ती माझी आठवण काढते का, असं भाचीने विचारलं. मला वाटतं, काढत नसेल तर बरं.

सरकारला सांगायचं तेही सांगते. पक्षी तुमची मालमत्ता म्हणता, ठीक. पण त्या नऊ दिवसांत गाई-म्हशींचे डॉक्टर मला हाकेच्या अंतरावर मिळाले, पक्ष्याचं बघणारं माणूस मात्र जवळपास कुणी मिळालं नाही. पुणे इथून १०० किलोमीटर, इंदापूरहून त्याहून लांब. जखमी पाखराने तेवढा रस्ता काढायचा? पालखी मार्ग रुंद करताना जुनी झाडं गेली, त्यांच्याबरोबर ढोल्याही गेल्या. तालुक्याला निदान एक पक्ष्यांचं शिक्षण घेतलेला पशुवैद्य आणि एक जाळीची खोली, एवढं मागणं जास्त आहे का? सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य असलेला हा भाग आहे. भिगवणला रोहित बघायला हिवाळ्यात गाड्या भरभरून माणसं येतात, मोठमोठे कॅमेरे घेऊन. दूरच्या पाहुण्याचं एवढं कौतुक आणि घरच्याला पिंजरा! मोरोपंतांनी याच बारामतीत आपल्या काव्याला 'केकावली' हे नाव दिलं. केका म्हणजे मोराची आर्त हाक. ती आपल्याला भक्तीची वाटते, आणि पोपट ओरडला की पिंजऱ्यावर फडकं टाकून आपण सिरियल बघतो.

शेवटचं, आणि हे नातेवाइकांसाठी. आपल्याच गोतावळ्यात तीन घरांत पिंजरे आहेत. नावं लिहीत नाही, ज्याचं त्याला कळेल. (त्यातला एक पिंजरा बारशाच्या पंगतीपासून चार पावलांवर होता, पडवीत, उन्हाच्या आड. मी येताना बघून आले.) त्याला लपवू नका आणि सोडूनही देऊ नका. आजच्या आज दूध-पोळी बंद करा, मूग भिजत घाला, पिंजरा कोवळ्या उन्हात आणा. आणि १९२६ ला फोन करा. एकटीला भीती वाटत असेल तर मला सांग, मी येते सोबत. तुझा राघू नेतील त्या दिवशी तुझ्याकडेच राहीन.